आईच्या पोटातला ‘गॅस’ आणि सोनोग्राफीत दिसलेली ओव्हरीची गाठ: आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५७ वर्षांची, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळीनंतर पोट गच्च राहायला लागलं, दोन घासांत पोट भरतं, रात्री लघवीला उठावं लागतं. चार महिने गॅसच्या गोळ्या झाल्या, एन्डोस्कोपी झाली, ती नॉर्मल निघाली. आता सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीत ८.४ × ७.१ सेंमीची गाठ दिसली. तिच्यात पडदे आहेत, काही भाग भरीव आहे, पोटात थोडं पाणी आहे. रक्ततपासणीत सीए-१२५ आलं १४२. घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीतून गाठ काढून देतो म्हणाले, काका म्हणतात आधी सुई टाकून तपासा, मामा म्हणतात सरळ मुंबईला न्या. हा कॅन्सर आहे का, आणि तुम्ही स्वतः ३४ वर्षांच्या आहात तर तुम्हीही सीए-१२५ करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्या कागदांवरून कॅन्सर आहे असं कोणालाच म्हणता येणार नाही. पण तो नाही असं धरून चालणंही परवडणारं नाही. ‘असू शकतो’ हे धरूनच पुढची प्रत्येक गोष्ट करायची. म्हणून गाठीत सुई नको, घाईघाईची दुर्बीण नको, आणि स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची, म्हणजे गायनिक ऑन्कोलॉजिस्टची, भेट याच आठवड्यात घ्यायची. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चार महिन्यांबद्दल, कारण तुमच्या पत्रात स्वतःला दोष देण्याचा सूर आहे. ओव्हरीचा कॅन्सर लवकर ओळखू येत नाही, कारण त्याची सगळी लक्षणं पोटाच्या साध्या तक्रारींचे कपडे घालून येतात. ओव्हरी ओटीपोटात मोकळ्या जागेत असते. गाठ बरीच वाढेपर्यंत कशावर दाब येत नाही, आणि रक्तस्रावासारखं डोळ्यांत भरणारं काही होतंच असं नाही. बाई मग फॅमिली डॉक्टरकडे जाते, तिथून पोटविकारवाल्यांकडे, लघवीचा त्रास जास्त असेल तर युरिनचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या घेते. स्त्रीरोगतज्ज्ञाचा दरवाजा शेवटी. पाळी गेली म्हणजे ‘तिकडचं’ सगळं संपलं, अशी आपल्याकडे समजूतच आहे.

फरक ओळखायचा तो तक्रारीच्या नावावरून नाही, तिच्या वागण्यावरून. महालक्ष्म्यांचं जेवण झालं, रात्री पोट डब्ब झालं, सकाळी मोकळं झालं, तर तो गॅस. सकाळी उठल्यापासून पोट गच्च, काही खाल्लं नसतानाही, आणि हे आज-काल-परवा रोजच. वर्षभरापूर्वी असं काही नव्हतं. तर तो गॅस म्हणून सोडून द्यायचा नाही. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचा एक साधा हिशोब मांडला: पोट फुगणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, लवकर पोट भरणं किंवा जेवण न जाणं, यातलं काहीही वर्षभराच्या आत सुरू झालेलं असेल आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी करा. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच बाराचा आकडा आहे, त्यात लघवी वारंवार किंवा घाईने लागणंही धरलंय. त्यातली आणखी एक ओळ मला फार मोलाची वाटते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कोणाला ‘आयबीएस’सारखा, म्हणजे पोट दुखणं आणि संडासच्या सवयी बिघडणं असा आतड्यांचा त्रास सुरू झाला, तर आधी ओव्हरी बघा, कारण आयबीएस त्या वयात नव्याने सुरू व्हायची सवय नसलेला आजार आहे.

ओपीडीत मी एक प्रश्न हमखास विचारते: परकराची नाडी पूर्वी जिथे बांधत होता तिथेच बसते का? ‘पोट वाढलंय का’ विचारलं तर बहुतेक जणी हसून म्हणतात, वयानुसार सुटलंय. नाडीचं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. परकर घट्ट होतोय आणि त्याच वेळी ब्लाउज खांद्यात, दंडात सैल पडलाय असं ऐकलं, की मी पुढचा पेशंट थांबवून या बाईला टेबलवर घेते. अंगावरचं मांस कमी होतंय आणि पोटात पाणी किंवा गोळा वाढतोय, असा त्याचा अर्थ असू शकतो. वजनकाटा इथे फसवतो. एकीकडे घटलेलं दुसरीकडे भरून निघतं आणि आकडा तोच राहतो.

टेबलवर घेणं हेही महत्त्वाचं. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या साडीवरून पोट दाबून काही कळत नाही. झोपवून पोट ठोकून बघायचं, कुशीवर वळवून पुन्हा ठोकायचं, म्हणजे पाणी आहे का ते समजतं. मग आतून तपासणी. गाठ हलते की चिकटलेली आहे, मऊ आहे की दगडासारखी, मागच्या बाजूला दाणे लागतात का, हे बोटांना कळतं. आईची ही तपासणी अजून झाली नसेल, तर पुढच्या भेटीत आवर्जून करून घ्या. आणि हो, मागच्या वर्षीचा पॅप स्मिअर नॉर्मल होता असं तुम्ही लिहिलंय. तो गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी असतो, ओव्हरीबद्दल तो काही सांगत नाही.

आता सोनोग्राफी. नुसतं ‘ओव्हेरियन सिस्ट’ वाचून घाबरायचं कारण नसतं. पाळी चालू असलेल्या बाईत दर महिन्याला ओव्हरीत पाण्याचा फुगा तयार होतो. पाच सेंमीच्या आतली, पातळ भिंतीची, आत नुसतं स्वच्छ पाणी असलेली गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जाते. पाळी गेलेल्या बाईतसुद्धा अशी साधी, एकाच कप्प्याची, पाचपेक्षा लहान गाठ असेल आणि सीए-१२५ नॉर्मल असेल, तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून नजर ठेवता येते. असल्या निरुपद्रवी गाठींसाठी गर्भपिशवीसकट सगळं काढून घेतलेल्या बायका विदर्भात कमी नाहीत, हे खेदाने लिहावं लागतं.

आईची गाठ त्या प्रकारात बसत नाही. तिच्यात पडदे आहेत, भरीव भाग आहे आणि बाहेर पाणी आहे. ही सोनोग्राफी वरून, म्हणजे पोटावरून झालेली दिसते. अनुभवी सोनोलॉजिस्टकडून खालून सोनोग्राफी डॉपलरसह, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पद्धतीसह, पुन्हा करून घ्या. ती योनीमार्गे होते, मूत्राशय रिकामं ठेवून होते, दुखत नाही, आणि ओव्हरी फार जवळून दिसते. रिपोर्टमध्ये या गोष्टी स्पष्ट हव्यात: पडदे किती जाड, भरीव भागाचं माप, त्यात रक्तप्रवाह आहे का, आतून मोडासारखे कोंब आलेत का, दुसरी ओव्हरी कशी, पाणी किती. ‘कॉम्प्लेक्स सिस्ट, क्लिनिकल कोरिलेशन सुचवले’ एवढ्या एका ओळीवर ऑपरेशन ठरवायचं नाही.

सीए-१२५ बद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ३५ च्या वर म्हणजे कॅन्सर आणि ३५ च्या खाली म्हणजे सुटका, असं नाही. पोटाच्या अस्तराला कशानेही त्रास झाला की हे प्रथिन रक्तात वाढतं. एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड, पाळीचे दिवस, गरोदरपण, लिव्हरचा सिऱ्हॉसिस, हृदय कमजोर होऊन साठलेलं पाणी, पोटाचा टीबी. उलट बाजूने बघितलं, तर ओव्हरीच्या पहिल्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांत ते नॉर्मलच असतं. तिशीतल्या बाईचं १४२ आणि पाळी गेलेल्या बाईचं १४२ यांचं वजन म्हणूनच सारखं नाही. तरुणीत एन्डोमेट्रिओसिस आधी आठवतो. तुमच्या आईत तसं नाही.

हे तुकडे एकत्र जोडायला एक जुनी, सोपी पद्धत आहे. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये मांडली गेली, तिला आरएमआय म्हणतात, म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याच्या धोक्याचा निर्देशांक. सोनोग्राफीतल्या खुणांचा गुण, पाळीचा गुण आणि सीए-१२५ चा आकडा यांचा गुणाकार. खुणा पाच: अनेक कप्पे, भरीव भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याची चिन्हं. एक खूण असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३. पाळी गेली असेल तर ३, नाहीतर १. आईच्या तीन खुणा आहेत, म्हणून ३ × ३ × १४२, म्हणजे १२७८. सर्वसाधारणपणे २०० च्या वर गेलं की कॅन्सर सर्जनकडे पाठवायचं असा दंडक आहे, काही ठिकाणी २५०. १२७८ म्हणजे कॅन्सर सिद्ध झाला असं नाही, पण ही गाठ कोणी काढायची या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हा हिशोब कमी आला तरी भरीव भाग आणि रक्तप्रवाह असलेली गाठ संशयितच राहते, कारण सीए-१२५ लहान असलं की सगळा गुणाकारच लहान येतो.

पुढच्या तपासण्यांमध्ये छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन. त्याआधी किडनी नीट आहे ना यासाठी क्रिएटिनिन बघतात, आणि आई डायबिटीसची मेटफॉर्मिन घेत असेल तर तसं आधी सांगा. रक्तात सीईए आणि सीए १९-९ या कॅन्सरच्या आणखी दोन खुणांची तपासणीही करायला सांगा. याचं कारण असं, की जठराच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ओव्हरीत जाऊन गाठ करू शकतात. सीए-१२५ ला सीईएने भागून उत्तर २५ च्या वर आलं तर मूळ ओव्हरीत असण्याकडे कल जातो. त्याहून कमी असेल तर आतड्याची कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते. एन्डोस्कोपी झालीच आहे, ते एक काम वाचलं. तिचा कागद फाइलला लावा. चाळिशीच्या आतल्या मुलीत अशी गाठ असती तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच ही रक्ततपासण्यांची वेगळी त्रयी लागली असती, कारण त्या वयात बीजपेशींचे ट्यूमर होतात आणि ते औषधांना फार छान दाद देतात. आईला त्याची गरज नाही. मात्र पाळी गेल्यावर कधी थोडाही डाग लागला असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासावा लागेल. लाजेने ती सांगणार नाही, तुम्हीच विचारा.

टीबीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण आपल्या भागात तो फसवतो. पोटात पाणी, जेवण न जाणं, वजन उतरणं, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड, सीए-१२५ काही शेकड्यांत. ही सगळी चिन्हं ओव्हरीच्या पसरलेल्या कॅन्सरची आहेत आणि तंतोतंत तीच पोटाच्या टीबीचीही. टीबी समजून तुकडा न तपासता सहा महिन्यांची औषधं सुरू करणं आणि दोन महिन्यांनी ‘फरक नाही’ म्हणणं, यात कॅन्सरच्या बाईचे मोलाचे दिवस जातात. उलट, कॅन्सर समजून तरुण मुलीच्या दोन्ही ओव्हऱ्या काढायच्या आणि मग बायोप्सीत टीबी निघायचा, हेही घडू शकतं. पाण्याची तपासणी, त्यातलं एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम), सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय तपासणी) यांची मदत होते, पण शंका उरली तर तुकडा घेऊनच निकाल लावायचा. अंदाजावर ना टीबीचं औषध, ना केमो.

आता काकांची सुई. गाठ ओव्हरीतच बंदिस्त असेल तर तिच्यात सुई टाकायची नाही. कॅन्सर असलाच, तर तो या घडीला कदाचित गाठीच्या कवचात आहे. त्याला स्टेज १ए म्हणतात, आणि योग्य प्रकारच्या पेशी असतील तर नुसत्या ऑपरेशनवर भागू शकतं. सुईने किंवा ऑपरेशनमध्ये गाठ फुटून आतलं पाणी पोटात सांडलं, की स्टेज १सी होते आणि केमो लागण्याची शक्यता वाढते. शिवाय सुईतून आलेल्या पाण्यात पेशी नाहीत म्हणून कॅन्सर नाही, असंही छातीठोक सांगता येत नाही. धोका पत्करायचा आणि उत्तरही पक्कं नाही, मग कशाला? पोटात सुटं साठलेलं पाणी काढून तपासणं ही वेगळी गोष्ट आहे. सीटीत आजार ओमेंटमपर्यंत पसरलेला दिसला, तर तिथला तुकडा सुईने घेऊन आधी निदान पक्कं करतात, तेही बरोबर. काकांना हा फरक समजावून सांगा, ते वाईट हेतूने म्हणत नाहीत.

दुर्बिणीचंही तसंच. दुर्बीण वाईट नाही, मी स्वतः साध्या गाठी दुर्बिणीतूनच काढते. पण आठ सेंमीची भरीव गाठ लहान छिद्रातून बाहेर काढताना फुटली, तर त्याची किंमत आई देणार. अशा गाठीसाठी बहुधा बेंबीच्या वर-खाली उभा छेद घेतात, गाठ अखंड बाहेर काढतात आणि ती तिथल्या तिथे पॅथॉलॉजिस्टकडे जाते. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. बाई टेबलवर असतानाच अर्ध्या-पाऊण तासात साधारण कल कळतो. कॅन्सर निघाला तर त्याच वेळी गर्भाशय, दुसरी ओव्हरी, दोन्ही नळ्या, ओमेंटम, पोटाच्या अस्तराचे तुकडे, पोट धुतलेलं पाणी, गरजेप्रमाणे लिम्फ नोड्स, हे सगळं घेतात. अर्धवट ऑपरेशन करून ‘रिपोर्ट आला की पुढे पाठवू’ म्हणणाऱ्याकडे पहिलं ऑपरेशन करू नका, एवढं मी ठामपणे सांगते. डॉक्टरांना सरळ विचारा: फ्रोझनची सोय आहे का, आणि कॅन्सर निघाला तर पुढचं ऑपरेशन याच वेळी तुम्हीच करणार का? दोन्हींना ‘हो’ मिळालं पाहिजे.

आजार पसरलेला दिसला, तर काही वेळा आधी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोचे साधारण तीन डोस, मग ऑपरेशन, मग उरलेले डोस असा क्रम लावतात. ‘ऑपरेशन न करता केमो दिली, म्हणजे हात टेकले’ असं नातेवाईक म्हणतील. तसं नसतं. गाठी आकसल्यावर सगळा आजार काढून टाकणं सोपं जावं म्हणून तो क्रम असतो.

मुंबईला जायचं का? परळच्या टाटा हॉस्पिटलबद्दल आदर बाळगूनही सांगते, या टप्प्यावर नाही. विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन, राहायची सोय, नंबर, तपासण्या, यात आठवडे जातात आणि केमोसाठी पुन्हा पुन्हा फेऱ्या होतात. नागपुरात मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानमध्ये एम्स आहे, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. धंतोली-रामदासपेठेतही या विषयाचे सर्जन बसतात. गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याचे पेशंट यासाठी नागपूरला येतात आणि आपण इथून उठून बाहेर जायचं बघतो. दुसरं मत हवं असेल तर ऑपरेशननंतर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, ते पाठवून मत घेता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्डातून उपचार करायचे असतील, तर भरती होण्याआधीच त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. रेशन कार्ड आणि आधारमधलं नाव जुळत नाही म्हणून फाइल अडते, ते आधीच बघून ठेवा. विदर्भातल्या पेशंटला मी आणखी एक साधी तपासणी सांगते, सिकलिंगची. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं.

तुमच्या स्वतःच्या सीए-१२५ बद्दल. काही त्रास नसताना करू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर याचा अभ्यास झाला, काहींचं सीए-१२५ तर काहींची सोनोग्राफी दरवर्षी करून बघितली, उरलेल्यांची तपासणी केली नाही. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले, आणि तपासणीमुळे ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. तिशीत पाळीच्या आसपास ४८ वगैरे आकडा येईल आणि तुमची झोप उडेल, एवढंच. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ही तपासणी घुसवणाऱ्या लॅबवाल्यांचा मला राग येतो, तो असू द्या.

तुमच्यासाठी खरा उपयोगी प्रश्न घराण्याचा आहे. आईला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तर आधी आईची बीआरसीए जनुकांची (यांतल्या दोषाने ओव्हरी आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणी करायची, तुमची नाही. तिच्यात दोष सापडला तर मग तुमची आणि मावशीची. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला आयुष्यात ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, बीआरसीए-२ मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्यांना कुटुंब पूर्ण झाल्यावर नळ्या-ओव्हरी काढण्याचा सल्ला देतात. आणि फक्त आईकडचं बघू नका. हा दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्याला किंवा आजीला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, तेही विचारून लिहून ठेवा.

आईला अंधारात ठेवू नका. ‘ओव्हरीत गाठ आहे, ती काढावी लागेल, काढल्यावर नक्की काय ते कळेल’ एवढं आज सांगितलं तरी ते खरं आहे, आणि सह्या तर तिच्याच लागणार आहेत.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत काही गोष्टींवर लक्ष ठेवा. पोटात एकाएकी असह्य कळ आणि उलट्या, म्हणजे गाठीला पीळ बसला असू शकतो. संडास आणि वारा दोन्ही बंद होऊन पोट ताणलं, तर आतडं अडलं असेल. एकच पाय सुजून पोटरी दुखायला लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते, तो पाय चोळायचा नाही. झोपल्यावर दम लागायला लागला, तर छातीत पाणी असेल. यातलं काहीही झालं तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, फाइल घेऊन रात्री असली तरी थेट कॅज्युअल्टीत जा.